आवडींचा रकाना : एका अल्पाक्षरी आत्मकथनाची मीमांसा

१

ताम्रपट, महजर, करीने आणि खासगी पत्रे ही काही साहित्य म्हणून लिहिली गेली नव्हती. तरीही मराठी गद्याच्या अभ्यासकाने ती आस्थेने वाचली, आणि त्या काळचा माणूस स्वतःविषयी काय सांगे व काय सांगावयाचे टाळी, हे त्याला तेथेच उमगले. ज्या लेखनामागे वाङ्मयीन हेतू नाही त्या लेखनालाही रचना असते, संकेत असतात. आणि संकेत असले की त्यांची मीमांसाही करता येते. ह्याच न्यायाने समाजमाध्यमांवरील परिचयपृष्ठ, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘प्रोफाइल’ म्हणतात ते, अभ्यासाच्या कक्षेत यावयास हरकत नसावी. आत्मचरित्र लिहिणारे सर्व काळी थोडेच असतात. परंतु स्वतःविषयी चार शब्द लिहून ते अनोळखी माणसांपुढे ठेवणारे आज बहुतेक प्रत्येक घरात आहेत.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या पृष्ठावरील एकच रकाना हा आहे. ‘आवडी’, ‘छंद’, ‘इंटरेस्ट्स’ अशा एखाद्या नावाखाली माणूस तेथे काही शब्द स्वल्पविराम देऊन एकापुढे एक मांडतो. वाचन, शास्त्रीय संगीत, गडकोटांची भटकंती, छायाचित्रण, नाटक : एवढ्यात त्याचे सांगणे संपते. ह्या रकान्याविषयी सुशिक्षितांचे मत सामान्यतः प्रतिकूल आहे. त्यात खरेपणापेक्षा मिरवणे अधिक असते, हा त्यावरील मुख्य आक्षेप. हा आक्षेप निराधार नाही. परंतु तो अपुरा आहे. आणि अलीकडे ही माध्यमे ज्या दिशेने गेली आहेत ती पाहता तो भलत्याच जागी घेतला जात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रकान्यातील आवडी खऱ्या की खोट्या, हा प्रश्न दुय्यम होय. त्या कोण सांगतो आणि कोणाला सांगतो, हा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर गेल्या वीस वर्षांत बदलले आहे, आणि तो बदल आपल्या लक्षात पुरेसा आलेला नाही.

२

प्रथम ह्या रकान्याची पूर्वपीठिका पाहू. तो संगणकाबरोबर जन्मास आला, ही समजूत बरोबर नाही. लंडनहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘हूज हू’ ह्या चरित्रकोशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पदे, पदव्या आणि ग्रंथ ह्यांच्या जोडीने ‘रिक्रिएशन्स’, म्हणजे विरंगुळा, असा रकाना आढळतो. न्यायाधीश आणि सेनापती त्यात शिकार, बागकाम, गोल्फ अशी नोंद करीत. पुढे ह्या रकान्यात थट्टा करण्याची प्रथाही पडली. कोशातील बाकीच्या नोंदीवर संस्थांचा व सरकारचा शिक्का असे. एवढी एकच ओळ माणसाच्या स्वाधीन होती, आणि म्हणूनच तेथे त्याला थट्टा सुचली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याच सुमारास युरोपातील घरांतून प्रश्नावलीच्या वह्या फिरत असत. आवडता रंग, आवडते फूल, आवडते लेखक असे प्रश्न त्यांत छापलेले असत, आणि घरी येणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून यजमान ती वही भरून घेई. मार्सेल प्रूस्त ह्याने १८८६ च्या सुमारास, किशोर वयात, अशी एक वही भरली. ती आंत्वानेत फोर ह्या त्याच्या मैत्रिणीची होती. पुढे विशीच्या आसपास त्याने अशाच प्रश्नांची उत्तरे पुन्हा लिहिली. त्याचे नाव ह्या प्रश्नावलीस आज चिकटले आहे. वस्तुतः प्रश्न त्याचे नव्हते, उत्तरे तेवढी त्याची होती.

आपल्याकडे हा रकाना आला तो मुख्यतः लग्नाच्या निमित्ताने. वधूवरसूचक मंडळाच्या छापील अर्जात शिक्षण, उंची, वर्ण, रास, नक्षत्र ह्यांच्या मागोमाग ‘छंद’ असे लिहिलेले असते, आणि त्यानंतर लगेच ‘अपेक्षा’ असे. ही शेजारणी सूचक आहे. मुलीच्या अर्जात वाचन, विणकाम, पाककला आणि मुलाच्या अर्जात वाचन, प्रवास, क्रिकेट असे पुष्कळदा घरातील वडीलधाऱ्यांनीच भरलेले असे. छंद हा येथे स्वभावाचा दाखला होता. कुलाचा दाखला जसा घरच्यांनी द्यावयाचा, तसा हाही घरच्यांनीच दिला. शाळेत ‘माझा आवडता छंद’ ह्या विषयावर निबंध लिहावा लागे, तो ह्याहून बरा म्हणावयाचा. कारण छंद कसा लागला, त्यापायी काय घडले, हे निदान दहापंधरा ओळींत सांगणे तेथे भाग होते. दहावीच्या अखेरीस वर्गात फिरणारी ‘स्लॅमबुक’ नावाची वही ही तर फ्रान्समधील त्या वहीचीच दूरची नात.

ह्या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान होती. वाचणारा कोण, हे लिहिणाऱ्यास ठाऊक होते. वही मैत्रिणीची होती, अर्ज व्याह्यांच्या घरी जावयाचा होता, निबंध गुरुजी तपासणार होते. चरित्रकोशाचा वाचक त्यामानाने दूरचा खरा, पण तोही एका ठरावीक वर्तुळातला होता. सांगणे हे कोणाला तरी उद्देशून होते; आणि म्हणून त्यातील अतिशयोक्तीलाही मर्यादा होती. मैत्रिणीच्या वहीत खोटे लिहिले तर ते मैत्रिणीला कळणारच.

३

आता भाषेकडे वळू. माणूस आणि त्याला प्रिय असलेली गोष्ट ह्यांमधील नाते सांगणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत, आणि ते समानार्थी नाहीत. गोडी लागते, आवड असते, हौस भागवावी लागते, छंद जडतो, नाद लागतो, वेड लागते, व्यसन जडते. ही एक चढती श्रेणी आहे. हौस म्हटली की खर्च आला. हौसेला मोल नाही, हे आपण कोणी परवडण्यापलीकडे पैसा घातला म्हणजेच म्हणतो. नाद हा शब्द माणूस स्वतःविषयी क्वचित वापरतो. तो दुसऱ्यांनी वापरावयाचा शब्द आहे : त्याला तमाशाचा नाद लागला, पोराला कबुतरांचा नाद आहे. म्हणजे आवड पुढच्या पायरीला गेली की तिची साक्ष शेजाऱ्यांनी द्यावयाची, असा भाषेचा संकेत दिसतो. ‘छंद’ ह्या शब्दाच्या मुळाशी इच्छा हा अर्थ आहे; ‘स्वच्छंद’ ह्या शब्दात तो आजही जिवंत आहे. परिचयपृष्ठावरील रकाना ही सगळी श्रेणी एका पातळीवर आणतो. रविवारी सकाळी रेडिओ ऐकणारा आणि गाण्यापायी नोकरीवर पाणी सोडणारा, हे दोघेही तेथे ‘संगीत’ असेच लिहितात.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची आहे. ‘मला गाणे आवडते’ ह्या वाक्यात क्रियापद गाण्यामागे जाते : गाणे आवडते, गाणी आवडतात. ‘मला’ ही चतुर्थी. माणूस तेथे संप्रदान आहे. संस्कृतातही रुच्यर्थक धातूंच्या योगात ज्याला प्रीती होते त्याला संप्रदान म्हणावे, असा पाणिनीचा नियम आहे. ‘रुच्’ ह्या धातूस प्रकाशणे असाही अर्थ आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर आवडीसंबंधीचा एक जुना विचार हाती लागतो. वस्तू प्रकाशते आणि तो प्रकाश माणसावर पडतो. आवड ही माणसाने केलेली गोष्ट नव्हे, ती त्याच्या बाबतीत घडलेली गोष्ट होय. मराठीत अशा वाक्यांतील कर्ता कोणता ह्याविषयी व्याकरणकारांनी वाद घातलेले आहेत, आणि ते वाद निव्वळ पारिभाषिक नाहीत. माणूस आपल्या आवडीचा धनी आहे की तिचा स्वीकार करणारा आहे, हाच प्रश्न त्यांत दडलेला आहे.

रकाना ह्या प्रश्नाचा निकाल एका फटक्यासरशी लावतो. ‘मला गाणे आवडते’ ह्याऐवजी तेथे ‘माझ्या आवडी : गाणे’ असे होते. चतुर्थीची षष्ठी झाली, क्रियापद गळाले, आणि घडणारी गोष्ट मालकीची वस्तू बनली. घर, शेत, दागिने ह्यांची जशी यादी करावी तशी आवडींची यादी करता येऊ लागली. यादी ह्या रचनाप्रकाराचा हा स्वभावच आहे. तीत नामे मावतात, क्रियापदे मावत नाहीत.

परंतु यादी ही मुळातच वाईट, असा निष्कर्ष मात्र काढू नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथ, मराठीच्या प्राचीन नमुन्यांसाठी, आपल्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्याचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत. उपभोग, विनोद आणि क्रीडा हे त्यांतील शेवटचे तीन. म्हणजे शंभरांपैकी साठ अध्याय एका राजाच्या आवडींची यादीच म्हणावयाची. पण ही यादी क्रियापदांनी भरलेली आहे. मासे धरण्याचा विनोद सांगावयाचा तर ग्रंथकार माशांच्या जाती सांगतो, त्यांना कोणते खाद्य घालावे ते सांगतो, गळ कसा टाकावा तेही सांगतो. त्या अध्यायावरून राजाला खरोखर मासे धरण्याची आवड होती किंवा नव्हती हे सिद्ध होत नाही. परंतु ती आवड असणे म्हणजे काय, हे वाचकाला कळते. आजच्या रकान्यात नेमके हेच कळत नाही. उणीव यादीपणाची नसून अध्याय गळून शीर्षके तेवढी उरल्याची आहे.

४

मराठी माणसाचा ऑनलाइन परिचयपृष्ठाशी पहिला मोठा संबंध बहुधा ‘ऑर्कुट’वर आला. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले हे संकेतस्थळ ब्राझील आणि भारत ह्या दोन देशांत विशेष लोकप्रिय झाले, आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्यावरील पृष्ठात पॅशन्स, खेळ, उद्योग, पुस्तके, संगीत, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम, चित्रपट, खाद्यप्रकार असे रकाने होते, आणि त्यांत हवा तो मजकूर लिहिता येई. त्याआधी १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘लाइव्हजर्नल’वर आवडींची यादी दीडशे शब्दप्रयोगांपर्यंत वाढविता येत असे, आणि प्रत्येक शब्द तीच आवड लिहिणाऱ्या इतरांपर्यंत नेऊन पोहोचवीत असे. ‘मायस्पेस’वर संगीत, चित्रपट, पुस्तके ह्यांच्या जोडीस ‘हीरोज’, म्हणजे वंदनीय व्यक्ती, असाही रकाना होता.

ह्या याद्यांविषयी सर्वांत परिचित अभ्यास ह्यूगो लिऊ ह्यांचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी मायस्पेसवरील १,२७,४७७ परिचयपृष्ठांचा विचार केला, आणि आवडींच्या यादीस अभिरुचीचा प्रयोग म्हटले. येथे प्रयोग हा शब्द नाट्यप्रयोगाच्या अर्थाने घ्यावयाचा. प्रतिष्ठा, वेगळेपण, प्रामाणिकपणा आणि नाटकी सोंग असे यादीचे चार हेतू त्यांनी कल्पिले. त्यांपैकी प्रतिष्ठा व वेगळेपण ह्या दोहोंना संख्याशास्त्रीय पुरावा मिळाला. ह्या विचारामागे पिएर बूर्दिए ह्याच्या १९७९ मधील अभिरुचीविषयक ग्रंथाची छाया स्पष्ट आहे. आपण वस्तूंची प्रतवारी करतो तेव्हा आपलीही प्रतवारी होत असते, आणि अभिरुची ही बव्हंशी वर्गाची खूण असते, हे त्या ग्रंथाचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे.

मराठी याद्यांना हे निकष लावून पाहिल्यास ते पुष्कळ अंशी लागू पडतात. ‘पुस्तके’ ह्या रकान्यात जे येई त्यात न वाचलेलेही असे. शास्त्रीय संगीताचा उल्लेख ऐकण्यापेक्षा संस्काराची ग्वाही देण्यासाठी केला जाई. वडापाव हा खाद्यप्रकार म्हणून लिहिणारा दूरदेशी गेलेला तरुण भुकेविषयी लिहीत नव्हता, आपण कोठले हे सांगत होता. ह्या निरीक्षणांत तथ्य आहे. तथापि त्यांवर थांबणे म्हणजे प्रत्येक उद्गाराला पुराव्याच्या तराजूत घालणे होय, आणि समीक्षकाला ते शोभत नाही. न वाचलेले पुस्तक आवडत्या पुस्तकांत लिहिणारा माणूस खोटे बोलतो हे खरे. पण त्याच वेळी, ते वाचलेला माणूस आपण व्हावे, असेही तो सांगत असतो. छंद ह्या शब्दातील मूळ इच्छा ती हीच. अभिरुचीच्या वाढीत ह्या इच्छेचा वाटा मोठा असतो. ऐपतीच्या वरचे असे काही आधी मान्य करून माणूस पुढे हळूहळू त्याच्या योग्यतेचा होतो. गाण्याच्या बैठकीत पहिली दोन वर्षे दुसऱ्याकडे पाहून मान डोलावली, आणि तिसऱ्या वर्षी मान आपोआप डोलली, हा अनेकांचा अनुभव असेल.

शिवाय ही यादी एकटी नव्हती. ऑर्कुटवर मित्रांनी लिहिलेली ‘टेस्टिमोनियल्स’ त्याच पृष्ठावर असत. धन्याने ‘गिर्यारोहण’ असे लिहावे, आणि गड चढताना तो पहिल्याच टप्प्यावर कसा बसला, हे मित्राने तेथेच लिहावे, अशी सोय होती. मित्राचा मजकूर धन्याच्या मान्यतेवाचून दिसत नसे, ही गोष्ट खरी. तरीही प्रथमपुरुषी दाव्याशेजारी तृतीयपुरुषी साक्ष होती. नाद हा शब्द शेजाऱ्यांनी वापरावयाचा, हा आपल्या भाषेचा संकेत तेथे नकळत पाळला जात होता.

आणखी एक गुण नमूद केला पाहिजे. लहान गावात राहून जुन्या नाण्यांचा, फुलपाखरांचा किंवा परदेशी चित्रपटांचा छंद असलेल्या माणसाला समानधर्मी शेजारी मिळणे दुरापास्त असते. त्याची यादी मिरवण्यासाठी नसून हाक देण्यासाठी असे. लाइव्हजर्नलवर एकेक शब्द समानधर्म्याकडे नेत असे, त्यातील मर्म हेच होते. हाक म्हणून पाहिल्यास यादीतील प्रत्येक नाम हे खरोखर संबोधन ठरते. आणि संबोधनात क्रियापद नसले तरी चालते.

चांगली यादी आणि सामान्य यादी ह्यांतील भेदही ह्यावरून सांगता येतो. समजा, एकाने ‘ट्रेकिंग’ असे लिहिले आणि दुसऱ्याने ‘पावसाळ्यात गड चढणे आणि उरलेले वर्ष त्याविषयी बोलणे’ असे लिहिले. दुसऱ्याने रकान्यात क्रियापद घातले. त्याबरोबर काळ आला, ऋतू आला, स्वतःची थट्टाही आली, आणि ऐकणाऱ्याला उत्तर देण्यास जागा झाली. हा रकाना साहित्याच्या जवळ येतो तो एवढ्या एका फरकाने.

५

येथवर पाहिलेल्या रकान्यात बोलणारा माणूस होता, मग तो खरे बोलो वा खोटे. यानंतरचा पालट वेगळ्या जातीचा आहे. एप्रिल २०१० मध्ये ‘फेसबुक’ने परिचयपृष्ठावरील आवडींच्या मोकळ्या मजकुराच्या जागी जोडण्या आणल्या. त्यापूर्वी रकान्यात काहीही लिहिता येत होते; आता प्रत्येक आवड त्या विषयाच्या ठरावीक सार्वजनिक पानाशी जोडली जावयाची होती. ज्यांनी ही जोडणी स्वीकारली नाही त्यांचे ते रकाने रिकामे राहिले. हा बदल तांत्रिक दिसतो, पण वाङ्मयदृष्ट्या तो मूलगामी आहे. ‘पावसाळ्यात गड चढणे आणि उरलेले वर्ष त्याविषयी बोलणे’ ह्या नावाचे पान कोठून असणार? म्हणून ‘ट्रेकिंग’ एवढेच उरले. यादीत चुकूनमाकून शिरलेले क्रियापद ह्या वेळी नियमानेच बाहेर गेले. आज ठरावीक शब्दांच्या संचातून चारपाच शब्द निवडा, असे अनेक अॅप माणसास सांगतात. उत्तर त्याचे असले तरी शब्द त्याचे नाहीत. प्रूस्तच्या वहीत प्रश्न छापलेले होते. येथे उत्तरेही छापलेली आहेत.

ही जोडणी कोणासाठी, हे पुढे उघड झाले. मायकल कोसिन्स्की आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१३ साली सुमारे ५८,००० स्वयंसेवकांच्या फेसबुकवरील ‘लाइक्स’चा अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ त्यांवरून माणसाचा धर्म, राजकीय कल, लैंगिक कल, बुद्धिमत्ता ह्यांविषयी बऱ्याच अचूकपणे अनुमान करता येते, असे त्यात दिसून आले. ‘कर्ली फ्राइज’ ह्या वेटोळ्या तळलेल्या बटाट्यांविषयीची पसंती ही अधिक बुद्धिमत्तेची निदर्शक निघाली, हे त्यातील उदाहरण पुष्कळ गाजले. बटाट्याचा बुद्धीशी संबंध काय, असे विचारून त्यावर हसणे सोपे आहे. पण त्यातील गंभीर बाब अशी की, यंत्राला संबंधाची आवश्यकताच नव्हती. बटाटे आवडतात असे म्हणणाऱ्याने मित्राला एक गोष्ट सांगितली आणि यंत्राने दुसरीच ऐकली. त्याच्या सांगण्याचा आशय निरर्थक ठरला; ते सांगणे हे केवळ लक्षण म्हणून उरले. रोगी काय बोलतो इकडे लक्ष न देता त्याची नाडी तेवढी पाहावी, तसा हा प्रकार झाला.

पुढची पायरी म्हणजे सांगणेच अनावश्यक ठरणे. ‘टिकटॉक’ने जून २०२० मध्ये आपल्या शिफारशींची रीत जाहीर केली, तीत लांबसा व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणे हे आवडीचे बलवान लक्षण मानले जाते, असे सांगितले होते. नव्या सदस्यास प्रारंभी आवडीचे विषय विचारले जात, पण ते केवळ श्रीगणेशा म्हणून. पुढे त्याच्या पाहण्यावरून यंत्र स्वतःच यादी करी. त्याच महिन्याच्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली. परंतु ती रीत त्या एका माध्यमापुरती नव्हती. आज बहुतेक समाजमाध्यमे प्रत्येक माणसाच्या आवडींची अशी दुसरी यादी बाळगतात. ती माणसाने लिहिलेली नसते, परिचयपृष्ठावर दिसत नसते, आणि जाहिरातदाराच्या उपयोगासाठी असते. इकडे परिचयपृष्ठावरील उघड रकाने आखडत चालले आहेत. फेसबुकने डिसेंबर २०२२ पासून धार्मिक व राजकीय मतांचे रकाने परिचयपृष्ठावरून काढले. ‘इन्स्टाग्राम’वरील आत्मपरिचयास दीडशे अक्षरांची मर्यादा आहे. एकेकाळी एकट्या आवडींना दीडशे शब्दप्रयोगांची मुभा होती. आता सबंध माणसाला दीडशे अक्षरे.

ही दुसरी यादी पहिलीपेक्षा अधिक खरी आहे, असे म्हणणारे भेटतात. माणूस शास्त्रीय संगीत लिहितो आणि रात्री दोन वाजता भांडणांचे व्हिडिओ पाहतो; मग त्याची खरी आवड कोणती, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न सयुक्तिक आहे, पण त्यात आवड आणि ओढ ह्यांची गल्लत झालेली आहे. डोळे जेथे खिळतात ती प्रत्येक गोष्ट आवडते असे आपण म्हणत नाही. रस्त्यावरील अपघाताभोवती गर्दी जमते. म्हणून लोकांना अपघात आवडतात असे कोणी म्हणत नाही. आवडणे ह्या शब्दात संमती अध्याहृत आहे. मला हे रुचते, असे म्हणताना मी त्या गोष्टीला माझ्या जीवनात स्थान देतो. दुसऱ्या यादीत ही संमती नाही. तिला निवेदक नाही. म्हणून ती आत्मकथन नव्हे, चरित्रही नव्हे. तिला फार तर पंचनामा म्हणता येईल.

६

मिरवण्याचा आक्षेप भलत्या जागी घेतला जातो, असे आरंभी म्हटले होते, त्याचा अर्थ आता स्पष्ट व्हावा. माणसाने लिहिलेल्या यादीत दोष होते. ती नामांची होती, क्रियापदांना पारखी होती, प्रतिष्ठेच्या हव्यासाने पुष्कळदा फुगलेली होती. तथापि ती त्याचे बोलणे होते. बोलण्यात चूक करण्याचा, वाढवून सांगण्याचा, उद्या ते बदलण्याचा अधिकार अंतर्भूत असतो. जी यादी आपण लिहिलीच नाही ती आपल्याला खोडताही येत नाही. ज्याला आपल्या आवडीविषयी थोडेसे खोटे बोलता येत नाही, त्याला आपण आज आहोत त्याहून वेगळे होण्याची इच्छाही बोलून दाखविता येत नाही.

मराठीत द्वितीया आणि चतुर्थी ह्यांचे प्रत्यय एकच आहेत. ‘मला गाणे आवडते’ ह्यातील ‘मला’ आणि ‘त्यांनी मला हेरले’ ह्यातील ‘मला’ ह्यांत कानाला भेद जाणवत नाही. भेद असतो तो कारकाचा. पहिल्यात मी संप्रदान आहे, काहीतरी मला मिळते. दुसऱ्यात मी कर्म आहे, कोणीतरी माझ्यावर क्रिया करतो. आवडींच्या रकान्याचा सबंध इतिहास ह्या दोन ‘मला’ंच्या मधला आहे. चतुर्थीतून तो षष्ठीत गेला, माझ्या आवडी म्हणून मिरवला, आणि तेथून द्वितीयेत उतरला. पडद्यावर ‘तुम्हाला हे आवडेल’ अशी सूचना येते तेव्हा ती चतुर्थीच्या भाषेत येते. तिच्यामागील हिशेब मात्र द्वितीयेचा असतो. हा फरक उच्चारात नसल्यामुळे तो ओळखण्याचे काम भाषेच्या अभ्यासकावर येऊन पडते.

शेवटी एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. ऑर्कुटवर दहा वर्षे मराठी माणसांनी स्वतःविषयी जे लिहिले ती परिचयपृष्ठे आज पाहावयास मिळत नाहीत. महजर आणि करीने दप्तरांत बांधून ठेवणाऱ्यांना ते पुढे कोणी वाचील याची कल्पना नव्हती, तरी ते राहिले; हे लेखन मात्र कोट्यवधींच्या डोळ्यांदेखत गेले. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी, लिहिणाऱ्यांची संमती घेऊन आणि त्यांची नावे वगळून, अशा स्वपरिचयांचे संकलन करावयास आरंभ करावा. वधूवरसूचक मंडळांचे जुने छापील अर्ज आणि शाळकरी स्लॅमबुके ह्यांनाही त्यात स्थान असावे. त्यांत वाचन, संगीत, प्रवास ही तीन नामे हजारो वेळा येतील, आणि संकलकाला कंटाळा येईल. पण मधूनच कोणी एक क्रियापद लिहून गेलेला असेल. त्याच्यासाठी हे श्रम करण्याजोगे आहेत.